तालुक्याच्या कॉलेजला प्रकल्पनिधी मिळवायचा कसा?

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात जा, स्टाफरूममध्ये निधीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘आपल्यापर्यंत योजना येतच नाहीत’ आणि ‘त्याला वरपर्यंत ओळख लागते’. पहिलं वाक्य चूक आहे. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, पण लोक मानतात तेवढं नाही. बहुतेक प्रस्ताव पडतात ते फार साध्या कारणानं. त्या कॉलेजला पैसे पाठवायला जे कागद लागतात ते तयार नसतात, नाहीतर मागच्या खेपेला मिळालेल्या पैशाचा हिशोब गेलेला नसतो.

त्यामुळे योजना शोधायला बसण्याआधी कपाट उघडा.

कागद: इथेच निम्मा निकाल लागतो

पहिला प्रश्न: कॉलेज यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम २(एफ) आणि १२(बी) मध्ये आहे का? २(एफ) म्हणजे यूजीसीच्या यादीत नाव. १२(बी) म्हणजे केंद्राचा पैसा घ्यायची पात्रता. या दोन्ही एकच समजून प्राध्यापक महिनाभर प्रस्ताव लिहितात आणि शेवटी बडे बाबू सांगतात, “सर, आपलं फक्त टू-एफ आहे.” मराठवाड्यात विनाअनुदानित कॉलेजं भरपूर आहेत आणि त्यातली कितीतरी १२(बी) मध्ये नाहीत. तुमचं त्यातलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. केंद्राच्या उच्चशिक्षणाच्या योजना तूर्त बाजूला ठेवा आणि जिल्हा, नाबार्ड (शेती आणि ग्रामविकासाची बँक), सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्यावरचा खर्च) या वाटांनी जा. तिथे १२(बी) कोणी विचारत नाही.

दुसरा कागद संस्थेचा. आपल्याकडच्या बहुतेक शिक्षणसंस्थांची नोंदणी दुहेरी असते: १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तोही ९० दिवसांत. खरी मेख इथे आहे. संस्थेत दोन गट पडलेले असतात, चेंज रिपोर्टवर हरकत येते, प्रकरण वर्षानुवर्षं चालतं, आणि परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला विश्वस्तांच्या नावांचा उतारा) अजून कैलासवासी अध्यक्षांचं नाव असतं. निधी देणारा परिशिष्ट एकची प्रत मागतो, करारावर सही करणाऱ्याचं नाव त्यात शोधतो, आणि ते सापडलं नाही की फाइल बंद करतो. वाद मिटवणं प्राचार्यांच्या हातात नसतं. पण चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच, सध्याच्या कार्यकारिणीचा ठराव आणि बँकेत सही कोणाची चालते याचं पत्र, हे तिन्ही प्रस्तावासोबत जोडता येतं. विचारण्याआधीच जोडलं तर प्रश्न पुष्कळ हलका होतो.

तिसरी भानगड खास आपल्या भागातली. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. नोंदणी प्रमाणपत्रावर जुनं नाव, पॅनवर जुनं, बँकेत नवं, लेटरहेडवर नवं. दिल्लीतल्या किंवा बंगळुरूतल्या माणसाला ही दोन वेगळी गावं वाटतात. सगळे कागद बदलत बसलात तर वर्ष जाईल. नामांतराच्या राजपत्र अधिसूचनेची एक प्रत फाइलला लावा आणि कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत खुलासा करा. संस्थेच्या नावाच्या स्पेलिंगची गोष्ट मात्र निराळी. पॅन, बँक खातं आणि नोंदणी यांत एक अक्षर जरी इकडचं तिकडे असलं तरी ते दुरुस्तच करून घ्या, कारण ऑनलाइन पडताळणीला खुलासे कळत नाहीत.

उरलेले कागद: आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी (ही आता कायमची राहिलेली नाही, मुदत तपासा), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, सीएसआरचा पैसा हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आणि महाविद्यालय विकास समितीचा ठराव. ही समिती २०१६ च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ नुसार असते. बऱ्याच ठिकाणी तिची बैठक नॅकची (कॉलेजला श्रेणी देणाऱ्या संस्थेची) टीम यायच्या तोंडावरच होते. प्रस्तावाचा विषय घेऊन बैठक लावा आणि इतिवृत्तावर सह्या त्याच दिवशी घ्या.

हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवायचं आणि फाइलींना नावं समजतील अशी द्यायची. ‘न्यू डॉक्युमेंट फायनल’ नको. जाहिरात निघते तेव्हा शेवटच्या तारखेला पंधरा-वीस दिवस उरलेले असतात. ज्यांचा फोल्डर तयार आहे ते हे दिवस प्रस्ताव लिहिण्यात घालवतात. बाकीचे सीएच्या ऑफिसात बसून असतात.

हवंय काय ते एका वाक्यात सांगा

‘कॉलेजच्या विकासासाठी निधी’ कोणीच देत नाही. खोल्या हव्यात, यंत्र हवंय, कोर्स चालवायचाय, संशोधन करायचंय की आसपासच्या गावांत काम करायचंय? या पाचांचे दरवाजे वेगळे आहेत आणि एकाच्या दारात दुसऱ्याचं मागितलं की हात हलवत परत यावं लागतं. कंपन्यांना सहसा बांधकामात रस नसतो. आयसीएसएसआर (समाजशास्त्रांच्या संशोधनाची केंद्रीय परिषद) प्रयोगशाळा देत नाही. खासदार निधीतून मानधन निघत नाही.

कौशल्याच्या कोर्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बरेच जण अजून जुन्याच आशेवर आहेत. यूजीसीनं २०१३ मध्ये बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. स्थानिक उद्योगाशी जोडलेले पदविका कोर्स, पाठोपाठ २०१४ मध्ये बी.व्होक. आणि कौशल केंद्रं. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. पण ती पंचवार्षिक योजना २०१७ ला संपली. त्या काळातला प्रस्ताव तारीख बदलून पाठवण्यात अर्थ नाही. आज असा कोर्स उभा करायचा तर पैसा तुकड्यांत गोळा करावा लागतो: यंत्रं कंपनीकडून, प्रशिक्षण राज्याच्या कौशल्य विभागाकडून, वर्ग आणि शिक्षक कॉलेजचे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या एक हजार महाविद्यालयांत आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रं जाहीर झाली. तुमच्या कॉलेजला ते मिळालं असेल तर उद्योगाकडे जाताना तुमच्या हातात दाखवायला काहीतरी आहे. कंपनीला रिकाम्या खोलीपेक्षा चालू बॅच दाखवणं केव्हाही सोपं.

दारं, जवळून लांब

माझं स्पष्ट मत: पहिला निधी जिल्ह्यातूनच घ्या. रक्कम कमी असेल, पण अधिकारी भेटतो, काम बघायला येतो, आणि पूर्ण केलेल्या छोट्या कामाचं पत्र पुढच्या मोठ्या अर्जाला लावता येतं.

जिल्हा नियोजन समितीपासून सुरुवात करा. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आणि जिल्हा वार्षिक योजनेत ‘नावीन्यपूर्ण योजना’ या नावाखाली थोडा निधी राखलेला असतो. नेहमीच्या योजनांत न बसणारं, जिल्ह्याच्या उपयोगाचं काम इथे मांडता येतं. पैसा थेट तुमच्या खात्यात येईल असं धरून चालू नका. अंमलबजावणी यंत्रणा बहुधा एखादं सरकारी कार्यालय असतं. म्हणून आधी त्या विषयाच्या जिल्हास्तरीय अधिकाऱ्याला भेटा (कृषी, भूजल, आरोग्य, जे असेल ते), त्याला काम पटवा, आणि प्रस्ताव त्याच्या शिफारशीनं जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे जाऊ द्या. पुढच्या वर्षाचा आराखडा आदल्या हिवाळ्यात आकार घेतो. फेब्रुवारीत फाइल घेऊन गेलेला माणूस एक वर्ष उशिरा आलेला असतो.

मानव विकास कार्यक्रमाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे आणि त्याखाली राज्यातले १२५ मागास तालुके येतात. त्यात मराठवाड्यातले कितीतरी आहेत. मुलींच्या शिक्षणाशी किंवा रोजगाराशी संबंधित काम असेल तर आपला तालुका त्या यादीत आहे का ते बघा.

खासदार निधीबद्दल एक नियम माहीत असावा. वर्षाला पाच कोटींचा हा निधी खासदार फक्त सुचवतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी राहते, कार्यक्रम होत नाहीत. शिवाय खासदार किंवा त्यांच्या घरचं कोणी संस्थेच्या कार्यकारिणीत असेल तर त्या संस्थेला तो निधी घेता येत नाही. आपल्याकडे कुठली संस्था कोणाची हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक असतं, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक हे मराठवाड्यातल्या कॉलेजांनी सर्वांत कमी वापरलेलं दार आहे, असं मला वाटतं. शेती, बचतगट, पाणलोट, ग्रामीण उद्योग यांच्याशी जोडलेलं काम असेल तर योजनेचं पुस्तक चाळण्याआधी या माणसाला फोन करून वेळ मागा. काय बसतं आणि काय नाही हे ते पंधरा मिनिटांत सांगतात.

गावकामासाठी उन्नत भारत अभियान आहे. आयआयटी दिल्ली त्याचं समन्वयन करते आणि सहभागी संस्थेनं पाच गावं निवडायची असतात. रक्कम फार नसते. पण त्या गावांचं सर्वेक्षण हातात येतं, आणि सर्वेक्षणाच्या आकड्यांवर पुढचे तीन प्रस्ताव उभे राहू शकतात. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराचंही तसंच. शिबिरात नुसता रस्ता झाडण्याऐवजी घरोघरची माहिती गोळा केली तर ती वर्षभर कामाला येते.

सीएसआर: कंपनीच्या बाजूनं बघा

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी ओलांडलं, तरी तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायची. नफ्याची मर्यादा फक्त पाच कोटी आहे हे लक्षात घ्या. म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या मोठ्या नावांच्या मागे धावण्याची गरज नाही. जालन्यातल्या स्टील आणि बियाण्यांच्या कंपन्या, लातूरच्या डाळ आणि तेलाच्या व्यवसायातल्या काही कंपन्या, साखर उद्योगातल्या खासगी कंपन्या, यांतल्या कोण त्या मर्यादेत बसतात ते मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवर दिसतं. मागच्या वर्षी त्यांनी कुठल्या विषयावर, कुठल्या जिल्ह्यात, किती खर्च केला तेही दिसतं. वाळूजच्या मोठ्या कंपनीच्या दारात शंभर अर्ज पडलेले असतात. तुमच्या गावापासून चाळीस किलोमीटरवरच्या मध्यम कारखान्याला दोन टक्के खर्चायचेत आणि विश्वासाचा माणूस सापडत नाही, अशीही परिस्थिती असते. कायदाच सांगतो की कंपनीनं आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं. कव्हरिंग लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात अंतर लिहा.

कंपनीची अडचण वर्षअखेरीची असते. चालू, बहुवर्षीय प्रकल्पातले न खर्चलेले पैसे आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत संपवावे लागतात. बाकीचे कायद्याच्या अनुसूची सातमधल्या एखाद्या निधीला सहा महिन्यांत द्यावे लागतात. त्यामुळे दोन वेळा जायचं. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाच्या नियोजनासाठी मोठा, दोन-तीन वर्षांचा प्रकल्प घेऊन. आणि डिसेंबरपर्यंत एक छोटा, महिन्या-दीड महिन्यात पुरा होईल असा, ‘उरलेल्यातून होईल का बघा’ म्हणून.

एक गैरसमज मोडून टाकतो. प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून कंपनी तुमचं समन्वयकाचं मानधन कापते, असं होतं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामकाजावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प चालवायला लागणारा समन्वयक हा प्रकल्पाचाच खर्च. हे नम्रपणे, नियमाचा उल्लेख करून सांगा.

भेटीला जाताना संस्थेच्या अध्यक्षांचा सत्काराचा अल्बम नको. दोन पानं पुरतात. कंपनीतल्या त्या मॅडमना किंवा साहेबांना ती दोन पानं वरच्या समितीपुढे मांडायची असतात, म्हणून त्यांना उचलून वापरता येतील अशा भाषेत लिहा.

राज्य आणि दिल्ली

रूसाच्या (उच्चशिक्षणाला निधी देणाऱ्या केंद्राच्या आधीच्या योजनेच्या) जागी २०२३ मध्ये पीएम-उषा आलं, २०२५-२६ पर्यंतसाठी १२,९२६.१० कोटींची तरतूद घेऊन. महाविद्यालय बळकटीकरणाच्या घटकात पाच कोटींपर्यंत मर्यादा होती, आणि केंद्र-राज्य वाटा महाराष्ट्रासाठी ६०:४०. अशा योजनांत कॉलेज थेट दिल्लीला अर्ज करत नाही, प्रस्ताव राज्याकडून जातो. म्हणजे राज्यानं माहिती मागवलेलं परिपत्रक तुमच्या इनबॉक्समध्ये न वाचता पडून राहिलं तर विषय संपला. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथल्या उच्चशिक्षण सहसंचालक कार्यालयांचे ईमेल रोज बघायची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्या.

विज्ञानाच्या पदवी विभागांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना आहे, २००८ पासून. पदव्युत्तर विभागांच्या उपकरणांसाठी डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची) फिस्ट योजना. समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआर, इतिहासासाठी आयसीएचआर. एसईआरबी (विज्ञान संशोधनाला निधी देणारं केंद्राचं मंडळ) आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झालं आहे. त्याचा कायदा २०२३ चा. कोणाकडून एसईआरबीचा जुना नमुना घेतला असेल तर तो फक्त भाषा बघायला वापरा.

मराठवाड्यातल्या समाजशास्त्र आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना विषयांचा तोटा नाही. ऊसतोड कुटुंबांचं स्थलांतर, हैदराबाद संस्थानातले शिक्षणाचे आणि जमिनीचे दस्तऐवज, दखनी-उर्दू-मराठी शाळा. मुंबई-पुण्याच्या कॉलेजला हे साहित्य मिळवायला प्रवासखर्च दाखवावा लागतो. तुमच्या ते अंगणात आहे. ही गोष्ट प्रस्तावात ठसठशीत लिहा. आपली माणसं तीच नेमकी लिहीत नाहीत.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजना प्रामुख्यानं विद्यार्थी आणि संशोधकांसाठी आहेत. कॉलेजच्या प्रकल्पाला तिथून पैसे मागू नका. पण प्रकल्पात काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप तिथून येत असेल तर तेवढा मानधनाचा भार कमी होतो.

प्रस्ताव: एक नमुना

समजा कॉलेज घनसावंगी तालुक्यात आहे आणि रसायनशास्त्र विभागाला गावांच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करायची आहे. पहिला मसुदा बहुतेक असा येतो: ‘मराठवाडा हा सातत्याने दुष्काळग्रस्त भाग असून येथील जनतेला पाण्याच्या भीषण समस्येला तोंड द्यावे लागते. सदर प्रकल्पामुळे ग्रामीण जनतेमध्ये जनजागृती होईल.’ आणि खाली २०१६ ला लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेचा फोटो. ती रेल्वे आता पुरे. तपासणाऱ्यानं ती शंभर प्रस्तावांत पाहिली आहे आणि तुमच्या तालुक्याशी तिचा संबंध नाही.

त्याऐवजी असं: ‘महाविद्यालयापासून १५ किलोमीटरच्या आतल्या १८ गावांत पिण्यासाठी विंधन विहिरीचे पाणी वापरले जाते. भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि फ्लोराइडची १, पर्यायी स्रोत नसेल तर १.५. या गावांतील अंगणवाडी, शाळा, सार्वजनिक योजना आणि एक खासगी विहीर अशा चार स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करून मर्यादा ओलांडणाऱ्या स्रोतांची यादी ग्रामपंचायतीला लेखी देण्यात येईल.’

आता तपासणारा एकच प्रश्न विचारतो: हे काम सरकार करतंच ना? करतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा करते, जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी किट दिलेले आहेत. या प्रश्नाचं उत्तर प्रस्तावातच हवं. उदाहरणार्थ, किटच्या निकालाची प्रयोगशाळेत फेरतपासणी आम्ही करू, आणि त्या महिलांना बोलावून किट वापरण्याचा सराव घेऊ. दुसऱ्याचं काम आपण पहिल्यांदाच करतोय असं भासवलं की सुज्ञ माणूस तिथेच पान उलटतो.

अंदाजपत्रक

गोल आकडे मारू नका. १८ गावं गुणिले ४ स्रोत म्हणजे ७२ नमुने. दोन हंगाम म्हणजे १४४. सुमारे दहा टक्के नमुने अचूकता पडताळायला दुसऱ्यांदा तपासायचे, म्हणून १६० धरा. बाटल्या आणि रसायनं नमुन्यामागे १५० रुपये धरली तर २४,०००. दिवसाला तीन गावं होतात, म्हणजे एका हंगामात ६ दिवस, दोन हंगामांत १२ दिवस गाडी. दिवसाला २,५०० नं ३०,०००. चार विद्यार्थी, १२ दिवस, ३०० रुपये मानधन: १४,४००. गावनिहाय अहवाल आणि ग्रामसभेचा खर्च गावामागे ५००, म्हणजे ९,०००. ऑडिट फी ५,०००. एकूण ८२,४००. (दर इथे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे घाला.) प्रत्येक आकडा कुठून आला हे बाजूच्या रकान्यात लिहिलेलं असलं की देणाऱ्याला रक्कम कापायला जागा उरत नाही. ‘प्रवास: ५०,०००’ असं लिहिलेलं असतं तिथे निम्मं कापलं जातं.

यंत्राचं वेगळं लिहा. विभागाकडे यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर नायट्रेट आणि फ्लोराइड दोन्ही त्यावर होतं. मग फ्लोराइडसाठी निराळं इलेक्ट्रोड कशाला मागायचं? आहे ते यंत्र ‘महाविद्यालयाचा वाटा’ म्हणून दाखवा. नसेल आणि मागायचंच असेल तर तीन कोटेशन जीएसटी धरून घ्या, आणि दुरुस्ती कोण करणार, मेकॅनिक कुठून येणार, वीज गेली तर काय, हेही लिहा. बिघडलेली, धूळ खात पडलेली यंत्रं प्रत्येक समिती सदस्यानं पाहिलेली आहेत.

पाठवल्यावर

ऑनलाइन भरला तरी एक पूर्ण प्रत जावक क्रमांकासह कॉलेजात ठेवा. प्राध्यापकाची बदली होते, निवृत्ती येते, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. म्हणून पोर्टलला कॉलेजचा ईमेल आणि कार्यालयाचा मोबाइल द्या, स्वतःचा नको. त्रुटीपत्र आलं तर ती आनंदाची बातमी समजा, कोणीतरी फाइल वाचली. पूर्तता आठवड्याच्या आत, मुद्दा क्रमांकानुसार. पाठपुराव्याला पंधरवड्यानं एक फोन पुरे.

नकार आला तर कारण विचारा. लेखी मिळालं नाही तर तोंडी विचारा. मग तोच मजकूर दुसऱ्या दारात जसाच्या तसा नेऊ नका. आयसीएसएसआरला लिहिलेलं ‘संशोधनातील तफावत’ कंपनीच्या समितीला कळत नाही, आणि कंपनीला लिहिलेलं ‘लाभार्थी’ संशोधन समितीला खटकतं.

पैसे आल्यावर

मंजुरी आदेश मुख्य लेखापालाला, प्रकल्पप्रमुखाला आणि सीएला एकाच दिवशी वाचायला द्या. स्वतंत्र खातं उघडा. संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात रक्कम गेली की ती पगारात विरघळते आणि मार्चमध्ये शोधाशोध होते. केंद्राच्या अनुदानावर मिळालेलं व्याजही परत करावं लागतं, ते वेगळं खातं असल्याशिवाय काढता येत नाही. एका लेखाशीर्षातले पैसे दुसऱ्यात वापरायचे तर आधी लेखी परवानगी घ्यायची. खर्च करून मागितलेली परवानगी मिळत नाही.

खरेदीची फाइल अशी लागते: मागणीपत्र, कोटेशन किंवा जेमवरची (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची) नोंद, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, पुरवठा आदेश, चलन, बिल, डेडस्टॉक रजिस्टरची (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची) पान-क्रमांकासह नोंद, बँकेतून दिल्याचा पुरावा. यातला डेडस्टॉकचा पान क्रमांक बिलावर लिहायचा राहतो आणि ऑडिटचा आक्षेप तिथेच निघतो. केंद्राच्या अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही, भंगारातसुद्धा.

उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत जायला हवं. बरेच निधी देणारे त्याआधीच मागतात. ते प्रकल्पप्रमुखानं नाही, कार्यालयानं पाठवायचं असतं असं समजून प्रकल्पप्रमुख निवांत असतो, आणि कार्यालयाला वाटतं सर पाठवतील. मंजुरी आली त्याच दिवशी हे काम कोणाचं ते ठरवून कार्यालयीन आदेश काढा. जुनं एखादं प्रमाणपत्र थकलेलं असेल, अगदी बाराव्या योजनेतल्या लघुशोध प्रकल्पाचं का असेना, तर ते आधी निकाली काढा. प्राध्यापक निवृत्त झाले असतील तर त्यांच्या घरी जाऊन व्हाउचर शोधा. सापडत नसतील तर शिल्लक रक्कम भरून प्रकरण बंद करण्याबद्दल निधी देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहा. नवा अर्ज त्यानंतर.